दीड हजारांचे वाटे

ऑगस्ट २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे पहिले दोन हप्ते एकदम खात्यात आले, मिळून तीन हजार रुपये, आणि राज्यभर बँकांसमोर बायकांच्या रांगा लागल्या. त्या रांगांवर तेव्हा बरंच बोललं गेलं. पैसे खात्यात सुखरूप आहेत, पर्समध्ये रुपे कार्ड आहे, घरात कुणाच्या तरी फोनवर यूपीआय आहे, मग सगळी रक्कम नोटांमध्ये काढून आणायची कशाला? बायकांना व्यवहार कळत नाही, असं उत्तरही लगेच तयार होतं. ते घाईचं आहे. नोटा घरी आणणं, त्यांचे पाच-सहा वाटे करणं आणि एकेक वाटा वेगळ्या पाकिटात, डब्यात किंवा पिशवीत घालून ठेवणं ही हिशेबाचीच एक रीत आहे, आणि डेबिट कार्डाला न जमणारं एक काम ती करते. खर्चाला आळा बसतो हे त्या कामाचं नेहमी सांगितलं जाणारं वर्णन अर्धवट आहे. पाकिटं खरा उपयोग करतात तो पैशाला पैशापासून वेगळं ठेवण्याचा, आणि मानखुर्दसारख्या ठिकाणी घर चालतं ते बरंचसं याच्या जोरावर.

मानखुर्द मुंबई महापालिकेच्या एम-पूर्व विभागात येतं. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरातल्या सगळ्या विभागांत हा तळाला होता, ०.०५ इतक्या निर्देशांकाचा. इथली कमाई कशी येते ते आधी पाहिलं पाहिजे. नाक्यावर उभं राहून मिळालं तर काम, मंडाळ्याच्या भंगार बाजारात वजनावर मजुरी, चेंबूर-देवनारच्या घरांत धुणीभांडी, घरबसल्या नगावर मिळणारी कामं. म्हणजे पैसा ठिबकत येतो, कधी रोज, कधी आठवड्याने, मध्ये खाडे. खर्च मात्र गठ्ठ्याने येतो. जूनमध्ये वह्या, दप्तर आणि रेनकोट, महिन्या-दीड महिन्याने गॅस सिलिंडर, विजेचं बिल, गणपतीत गावी जायचं भाडं. लल्लूभाई कंपाउंडसारख्या वसाहतीत, जिथे मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पासाठी रुळांलगतच्या झोपड्यांतली कुटुंबं आणून ठेवली, तिथे आणखी एक बाब वाढली, ती मेंटेनन्सची. झोपडीला लिफ्ट नव्हती आणि पंपही नव्हता. बिल्डिंगमध्ये दोन्ही आहेत, आणि दर महिन्याला कुणीतरी पावतीपुस्तक घेऊन दारात येतो.

समजा एका घरात बाई तीन घरची कामं करून महिन्याला नऊ हजार आणते आणि नवरा नाक्यावर काम लागेल त्या दिवशी आठशे. बाईचे पैसे एक ते दहा तारखेच्या दरम्यान तीन हातांनी, तीन वेळा येतात. नवऱ्याचे कधी सलग पाच दिवस येतात, कधी पावसाने आठवडाभर येतच नाहीत. अशा घरात महिन्याचं अंदाजपत्रक मांडायचं कुठल्या तारखेला? पगारदाराचं डोकं एक तारखेपासून चालतं. कार्ड, बँकेचं ॲप, खर्चाचा तक्ता हे सगळं त्याच डोक्यातून आलेलं आहे. इथे दर वेळी पैसा हातात आला की तिथल्या तिथे तो फोडावा लागतो. आठशेतले दोनशे किराण्याच्या उधारीला, शंभर मेंटेनन्सच्या पाकिटात, पन्नास शाळेच्या, उरलेले चालू खर्चाला. लग्नात मिळालेली, एक रुपयाचं नाणं चिकटवलेली आहेराची पाकिटं याला फार बरी पडतात. वर पेनाने ‘लाइट’, ‘शाळा’, ‘गाव’ लिहिलं की झालं. ज्यांना लिहिता येत नाही त्या डब्याने ओळखतात: तूरडाळीतले विजेचे, रव्यातले दवाखान्याचे.

पाकिटाच्या बाजूने बोलणारे सहसा वेगळं कारण पुढे करतात. नोट हातातून जाते तेव्हा ती गेल्याचं जाणवतं, कार्ड घासताना जाणवत नाही, म्हणून कार्डाने खर्च वाढतो. याला पुरावा आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी विद्यार्थ्यांकडून बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावून घेतली. पैसे क्रेडिट कार्डाने द्यायचे आहेत असं ज्यांना सांगितलं त्यांच्या बोल्या रोखवाल्यांच्या जवळपास दुप्पट निघाल्या. हे २००१ साली प्रसिद्ध झालं आणि तेव्हापासून प्रत्येक आर्थिक सल्लागाराच्या तोंडी आहे. पण ते क्रेडिट कार्ड होतं, म्हणजे उद्याचे पैसे. डेबिट कार्डात स्वतःचेच पैसे तत्काळ जातात, तरी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्यानेही लोक वस्तूला रोखीपेक्षा जास्त किंमत द्यायला तयार झाले. आपल्याकडचा पुरावा तर नोटाबंदीनेच पुरवला. सुमित अग्रवाल, पुलक घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ च्या नोटाबंदीच्या आगेमागे गिऱ्हाइकांच्या खरेदीचा माग काढला. आधी रोखीवर ज्यांची भिस्त जास्त होती त्यांना नाइलाजाने डिजिटलकडे वळावं लागलं, आणि त्यांचा महिन्याचा खर्च वाढला: रोखीवरच्या अवलंबनात दर दहा टक्क्यांच्या फरकामागे साधारण तीन टक्के. बाजारात नोटा परत मुबलक झाल्या तरी तो खाली आला नाही.

तीन टक्के हा आकडा खरा आहे, पण तो लहान आहे आणि मुळात तो दुकानात फिरून ट्रॉली भरणाऱ्यांचा आहे. पाव किलो तेल आणि दहाची चहापत्तीची पुडी घेणाऱ्या घरात पैसे गेल्याचं कळत नाही अशी वेळ येत नाही; तिथे रुपया रुपया कळतो, मग तो कुठल्याही वाटेने जावो. उधळपट्टी हा मानखुर्दचा प्रश्न असल्यासारखं बोलणं मला तरी चुकीच्या माणसाला औषध दिल्यासारखं वाटतं. तिथला प्रश्न असा की आजची प्रत्येक गरज खरी असते आणि जूनमधली गरज अजून दिसत नसते. खात्यात बाराशे रुपये शिल्लक दिसले की त्यातले किती विजेचे, किती शाळेचे आणि किती खरोखर मोकळे हे ती शिल्लक सांगत नाही. कार्ड सगळ्या पैशाला एकच तोंड देतं. ज्याची गरज आधी उभी राहील तो घेऊन जाईल.

नेमक्या याच गोष्टीवर एक प्रयोग भारतातच झालेला आहे, आणि तोही अक्षरशः पाकिटांनिशी. दिलीप सोमण आणि अमर चीमा यांनी ग्रामीण भारतातल्या, आठवड्याला रोख मजुरी घेणाऱ्या बांधकाम मजुरांबरोबर काम केलं. निष्कर्ष २०११ साली आले. मजुरीच्या दिवशी ठरावीक रक्कम बचत म्हणून बंद पाकिटात घालून त्यांच्याच हवाली केली जाई. पाकीट त्यांच्याच घरी, फोडायला कुणाची बंदी नाही. काहींना सगळी रक्कम एका पाकिटात दिली, काहींना तीच रक्कम दोन पाकिटांत. काही पाकिटांवर त्यांच्या मुलांचा फोटो होता. ज्यांच्याकडे दोन पाकिटं होती त्यांच्याजवळ जास्त पैसे टिकले, आणि मुलांचा फोटो असलेल्या पाकिटांतले आणखी टिकले. इथे रोख विरुद्ध कार्ड असा सामनाच नव्हता. सगळ्यांकडे रोखच होती, रक्कमही तेवढीच. फरक केला तो मधल्या कागदी भिंतीने. एक पाकीट फोडलं की गरज भागते, माणूस थांबतो. दुसरं फोडायला पुन्हा एकदा मन घट्ट करावं लागतं. फोटोमुळे ते कुणाच्या वाट्याचं आहे हेही समोर येतं.

भिंत घरातल्या घरात असेल तर ती पाडायलाही घरातलंच कुणी पुरतं. म्हणून मुंबईत याच्या पुढची पायरी शोधली गेली, आणि तिचा मानखुर्दशी थेट संबंध आहे. १९८६ मध्ये भायखळ्याच्या फुटपाथांवर राहणाऱ्या बायकांनी ‘महिला मिलन’ उभी केली. सोबत स्पार्क ही १९८४ ची संस्था आणि जोकिन अर्पुथम यांचं राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघाचं जाळं होतं. (जोकिन याच पट्ट्यातले. त्यांची जनता कॉलनी १९७६ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्रासाठी उठवली गेली आणि रहिवासी चीता कॅम्पला आले, मानखुर्दच्या पलीकडे.) महिला मिलनची रीत रोजच्या बचतीची. एक बाई रोज दारोदार फिरते, ज्या घरातून जे निघेल ते घेते, दोन रुपये तर दोन, नाही तर नाही. बऱ्याच जणींना अक्षरओळख नव्हती, म्हणून प्रत्येकीच्या प्लास्टिकच्या पिशवीत रंगीत कागदाचे तुकडे ठेवले जात. कुठला रंग किती रुपयांचा हे ठरलेलं. पिशवी ओतून रंग मोजले की आपले किती झाले ते बाईला कुणालाही न विचारता कळे. बँकेच्या पासबुकाला हे साधलं नव्हतं. या बचतीतून आजारपणाला, अडीनडीला कर्जही मिळे, आणि तिचा धागा घराच्या मागणीशी जोडलेला होता. त्या फुटपाथवरच्या कुटुंबांपैकी काहींची पक्की घरं अखेर मानखुर्दलाच झाली. त्या सोसायटीचं नाव मिलन नगर.

या रीतीत रोज येणारी बाई म्हणजे पाकिटाची भिंतच, पण चालतीबोलती. ठेवलेले पैसे परत मागायचे तर तिला सांगावं लागतं कशासाठी. त्या एका प्रश्नात बरीच कारणं गळून पडतात. भिशीतही तेच, तिथे तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नंबर लागतो. पतपेढ्यांचा पिग्मी एजंट हा त्याचाच व्यापारी भाऊ; ती योजना सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये काढली, गल्लीत फिरून आणे गोळा करणारी. लोक या सोयीसाठी पदरचे पैसेही मोजतात. स्टुअर्ट रदरफर्ड यांनी विजयवाड्याच्या झोपडपट्टीतल्या एका संकलक बाईचा हिशेब नोंदवला आहे: कार्डावर दोनशेवीस चौकोन, प्रत्येकी पाच रुपये, अकराशे भरायचे आणि परत हजार घ्यायचे. व्याज उणे. तरी बायका एक कार्ड भरलं की दुसरं सुरू करत. शंभर रुपये कशाचे दिले? रोज दारात उभं राहून मागण्याचे.

आता आक्षेप. सगळ्यांत भक्कम आक्षेप अर्थशास्त्राचा आहे. पैसा कुठल्याही कामाचा असू शकतो हीच तर पैशाची खुबी. त्याच्यावर ‘शाळा’ असं लिहून ठेवणं म्हणजे ती खुबी स्वतःहून मोडणं. रिचर्ड थेलर यांनी या मनातल्या खात्यांवर इतकं लिहिलं की २०१७ च्या नोबेलच्या कारणांत ते मोजलं गेलं, आणि निव्वळ अर्थशास्त्राच्या कसोटीवर तो माणसाच्या तर्कातला दोषच ठरतो. मानखुर्दमध्ये त्याचं टोकाचं रूप असं: शाळेच्या पाकिटात दोन हजार पडून आहेत, आणि पोराच्या तापासाठी बाई दहा टक्के महिन्याने दोन हजार उचलते. दोन महिन्यांत चारशे रुपये व्याज. पाकीट फोडलं असतं तर एक पैसा लागला नसता. हे गणित बिनचूक आहे, पण त्यात एक गोष्ट धरलेली नाही. सावकाराचे पैसे फिटतात, कारण सावकार दारात येतो. पाकिटातून घेतलेले पैसे परत घाला असं सांगायला कुणी येत नाही. बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अडीचशेहून अधिक गरीब घरांच्या हिशेबाच्या डायऱ्यांवर २००९ मध्ये निघालेल्या ‘पोर्टफोलिओज ऑफ द पूअर’ या पुस्तकात हेच सापडतं: हाताशी बचत असताना लोक उसने घेतात, आणि त्यांना ते महाग पडतं हे माहीत असतं. चारशे रुपये ही जूनमध्ये वह्या नक्की येतील याची किंमत. मात्र ही किंमत कितीही झाली तरी द्यावी असं म्हणायला मी तयार नाही. दोन हजारांना दोन महिने इथवर ठीक. दहा हजार आणि सहा महिने म्हटलं की व्याजच सहा हजार होतं, तिथे पाकीट फोडणं हेच शहाणपण. बचत गटाचं कर्ज मिळत असेल तर हा पेच मुळात पडत नाही, आणि महिला मिलनच्या रीतीत बचत व कर्ज एकाच पिशवीला बांधलेले होते ते याचसाठी.

दुसरा आक्षेप व्याज बुडण्याचा, तो चटकन निकालात निघतो. बचत खात्यावर मोठ्या बँका आज अडीच टक्क्यांच्या आसपास देतात. दहा हजार महिनाभर ठेवले तर एकवीस रुपये. मुंबईत दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून महिन्यात तीनदा पैसे काढणं फुकट, पुढच्या खेपेला १ मे २०२५ पासून तेवीस रुपयांपर्यंत आकार आणि वर कर. एक जादा फेरी, व्याज संपलं.

सुरक्षिततेचा आक्षेप मात्र खरा आहे. घरात चोरी होते, आग लागते, पावसाळ्यात पाणी शिरतं. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री चलनातला किमतीने शहाऐंशी टक्के भाग बाद झाला, तेव्हा डाळीच्या डब्यातल्या पाचशेच्या नोटा बायकांना घरच्यांसमोर बाहेर काढाव्या लागल्या. पैसे बदलून मिळाले, पण ते आहेत हे कळलं, आणि काही घरांत नुकसान यातच झालं. बँकेच्या बाजूने बोलताना मात्र सप्टेंबर २०१९ ही विसरता येत नाही: भांडुपला मुख्यालय असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि खातेदारांना सुरुवातीला स्वतःचे फक्त एक हजार रुपये काढता येत होते. ठेवींना आता पाच लाखांपर्यंत विमा आहे, पण शाळा सुरू होते त्या आठवड्यात विम्याचा उपयोग नसतो. माझ्या मते रक्कम पाहून ठरवावं: महिन्याभरात खर्च होणारं ते पाकिटात, त्यापलीकडचं बँकेत. पन्नास हजार डब्यात ठेवण्याचं समर्थन कशानेच होत नाही.

सगळ्यांत गुंतागुंतीचा मुद्दा आहे हात कुणाचा. कार्डाचे पुरस्कर्ते म्हणतात, खातं बाईच्या नावावर असलं की पैसा तिचा राहतो. मध्य प्रदेशात एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात याला आधार मिळतो: रोजगार हमीची मजुरी नवऱ्याच्या खात्याऐवजी बाईच्या स्वतःच्या खात्यात जाऊ लागली आणि ते खातं वापरायचं कसं हे तिला शिकवलं, तेव्हा बायकांचं कामावर जाणं वाढलं. पण खातं आणि कार्ड यांत फरक आहे. केनियात सिमोन शेनर यांनी खात्याबरोबर एटीएम कार्ड देऊन पाहिलं. एकूण वापर वाढला, पण तो पुरुषांच्या आणि जोडखात्यांमुळे. घरात ज्यांचं चालत नाही अशांनी उलट खातं कमी वापरलं. कारण उघड आहे. बँकेच्या खिडकीवर बाईला स्वतः जावं लागतं, तिथे सही किंवा अंगठा तिचाच लागतो. कार्ड आणि चार आकडी पिन कुणीही नेऊ शकतो, आणि ‘पिन काय आहे गं?’ या प्रश्नाला घरात नाही म्हणणं सोपं नसतं. डाळीचा डबा निदान पिन विचारत नाही, आणि नवरे सहसा डाळ निवडायला बसत नाहीत. तरी डबा हा काही हक्क नव्हे. सापडला की गेला. खातं बाईचं, कार्ड न घेतलेलं किंवा कपाटात बंद, आणि महिन्यातून एकदा खिडकीवर जाऊन काढलेली रोख, हा मेळ दोन्हींपेक्षा बरा.

राहता राहिला यूपीआय, आणि खरं तर आज कार्डापेक्षा त्याचाच विचार करायला हवा. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या सोयीने ऑगस्ट २०२३ मध्ये महिन्याला हजार कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. घरकामाचा पगारही आता बऱ्याच मालकिणी फोनवरून टाकतात. म्हणजे पैसा नोटेच्या रूपात हातात येण्याची वेळच कमी होत चालली, आणि वाटे करण्याचा क्षणही तिच्याबरोबर जातो. यूपीआय लाइट हे त्यातल्या त्यात पाकिटासारखं आहे, त्यात पाच हजारांपर्यंत वेगळे काढून ठेवता येतात. पण त्यातून हजारपर्यंतच्या खर्चाला पिनही लागत नाही, म्हणजे तो उघड्या तोंडाचा गल्ला झाला. चालू खर्चाला छान, शाळेच्या पैशाला निरुपयोगी. बँकांच्या ॲपमध्ये खात्याचे कप्पे करायची सोय असते, तीही फोन स्वतःचा असेल तर. घरात एकच फोन असेल आणि तो दिवसभर पोराच्या हातात असेल तर कप्पे कुणाचे हा प्रश्न उरतोच.

त्यातल्या त्यात जमण्यासारखी वाट दोन खात्यांची. पगार आणि किराणा ज्या खात्यावर चालतो त्याला यूपीआय जोडावं. लाडकी बहीणचे दीड हजार मात्र ज्या आधार जोडलेल्या खात्यात येतात त्याला जोडूच नये. ते खातं जनधनसारखं शून्य शिल्लकीचं असेल तर किमान शिल्लक राखण्याची कटकट नाही आणि महिन्यातून चार वेळा पैसे काढणं फुकट. चारही वेळा लागणार नाहीत. हजार काढून पाकिटांत घालावेत, पाचशे तिथेच राहू द्यावेत, जूनपर्यंत. पोस्टात शंभर रुपयांपासून आवर्ती ठेव उघडता येते, पण ती दर महिन्याला न चुकता भरायची असते, आणि पावसाळ्यात नाक्यावर काम नसताना ते साधेलच असं नाही. पाचशे आपोआप पडून राहण्यात चुकण्याची सोयच नाही. पासबुक भरून घ्यायला मात्र शाखेतलं मशिन चालू असावं लागतं.